'शुभवर्तमान' मधलं वर्तमान कुठलं? आणि 'मत्तयकृत' मधलं कृत बरोबर आहे का?

रद्दीच्या गठ्ठ्यात बायबलमधल्या नव्या कराराची जुनी मराठी प्रत मिळाली, पहिल्याच पानावर 'मत्तयकृत शुभवर्तमान'. मला वर्तमान म्हणजे भूत-वर्तमान-भविष्य एवढंच माहीत, मग हे काय, सध्या दिवस बरे चाललेत असं? आणि कृत म्हणजे मत्तयने स्वतः बसून रचलं का? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १
अहो वर्तमान म्हणजे बातमी. पेशवाईतली पत्रं काढून बघा, 'इकडील वर्तमान' पानोपानी सापडेल, आणि वर्तमानपत्र तर रोज दारात पडतं. मूळ ग्रीक शब्द 'युआंगेलिऑन', यु म्हणजे चांगलं, आंगेलोस म्हणजे निरोप्या (एंजल त्यावरूनच). ख्रिस्ती लोकांनी तो नव्याने घडवला असंही नाही. आजच्या तुर्कस्तानात प्रीएने नावाच्या गावी इ.स.पू. ९ चा शिलालेख मिळाला, त्यात रोमच्या ऑगस्टस बादशहाचा जन्मदिवस म्हणजे जगासाठी शुभवर्तमानांची सुरुवात असं कोरलंय. थोडक्यात दवंडीचा शब्द. ऐकायची गोष्ट, वाचायची नव्हे.

प्रतिसाद २
वरच्यांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना (करिंथकरांना) पहिलं पत्र लिहिलं ते इ.स. ५३-५५ च्या सुमारास, त्यात १५ व्या अध्यायात तो म्हणतो मी तुम्हाला जे शुभवर्तमान सांगितलं त्याची आठवण करून देतो, आणि गंमत अशी की तेव्हा मत्तय, मार्क, लूक, योहान या चार शुभवर्तमानांपैकी एकही पुस्तक लिहून झालेलं नव्हतं, सगळ्यात आधीचं मार्कचं, तेच अभ्यासक साधारण इ.स. ७० च्या आसपास धरतात. पुढे म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं. हे 'मिळालं' आणि 'हवाली केलं' म्हणजे गुरूकडून शिष्याकडे तोंडी पाठ जातो तिथली शब्दांची जोडी. मग लगेच तो पाठच येतो: ख्रिस्त मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना. ग्रीकमध्ये मोठ्याने म्हणून बघा, 'काय होती, काय होती' (म्हणजे 'आणि असं की') चा ठेका लागतो, पाढ्यासारखा. हे लिहिण्यासाठी जुळवलेलं वाक्य वाटतच नाही मला, घोकण्यासाठीचं आहे.

आता तुमचं 'कृत'. ग्रीक मथळ्यात आहे 'काता मत्थायॉन'. आणि हाच 'काता' वरच्या पाठातही आहे, तिथे मराठीत आपण 'शास्त्राप्रमाणे' म्हणतो. म्हणजे एकाच शब्दाला तिथे प्रमाणे आणि इथे कृत! बातमी एकच, ती मत्तयप्रमाणे, मार्कप्रमाणे, लूकप्रमाणे, योहानप्रमाणे. कृत म्हटलं की रचणारा कवी डोळ्यासमोर येतो (गणेशस्तोत्र अमुककृत वगैरे). मजकुरात चौघांपैकी कोणीही स्वतःचं नाव सांगत नाही, तो मथळा नंतरचा. ता.क. तिथलं 'शास्त्र' म्हणजे यहुद्यांचे धर्मग्रंथ हां, नवा करार नव्हे, तो तर अजून व्हायचा होता.

प्रतिसाद ३
मी वसईची. आमच्याकडे चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनाविधीला) शुभवर्तमान वाचायला घेतलं की सगळे उभे राहतात, पुस्तक फादरांच्या हातात, आपण नुसतं ऐकायचं, त्यामुळे मला हा शब्द लहानपणापासून कानाचाच वाटतो. आणि कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) क्लासला जायचो तो शब्दही तसाच, ग्रीक 'कातेखेओ', त्यात 'एखॉस' म्हणजे आवाज, त्याच घरातला एको. लूक सुरुवातीलाच, ज्याच्यासाठी लिहितोय त्या थियफिलाला सांगतो की तुला जे तोंडी शिकवलंय ते पक्कं आहे हे कळावं म्हणून लिहितोय, तिथे हेच क्रियापद आहे.

प्रतिसाद ४
कानाचे आणखी पुरावे हवेत तर मार्क ५:४१. याईराची मुलगी मेली म्हणून रडारड चाललीय, येशू तिचा हात धरतो आणि म्हणतो 'तलीथा कूम'. अख्खं पुस्तक ग्रीकमध्ये आणि मधेच हे दोन अरामी शब्द, मग लगेच अर्थ, मुली, ऊठ. सांगणाऱ्याला ते दोन शब्द भाषांतर करून टाकवले नसावेत असं आपलं मला वाटतं. नव्या करारातले अब्बा (बाबा), मारानाथा (प्रभू, ये), इप्फाथा (मोकळा हो) हे अरामी शब्दपण त्यातलेच.

मूळ धागाकर्ता
भारीच! पण मग बातमीचं पुस्तक झालं कधी?

प्रतिसाद २
एका दिवसात नाही झालं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हिरापोलिसचा बिशप पापियास म्हणतो की मला पुस्तकांपेक्षा जिवंत आवाजाचा उपयोग जास्त, म्हणजे पुस्तकं आली तरी लोक म्हाताऱ्यांना गाठून विचारतच होते. शब्दाच्या अंगाने बघायचं तर अनेकवचन शोधा. नव्या करारात कायम एकवचनी शुभवर्तमान. इ.स. १५० च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो 'प्रेषितांच्या आठवणी, ज्यांना शुभवर्तमानं म्हणतात', तिथे चक्क पुस्तकं झाली. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आजची यादी तर थेट ३६७ सालच्या, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या पत्रात.

तरी काही गोष्टी मोकळ्याच फिरत राहिल्या. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, 'ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा' वाली, योहानाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही, आणि काही प्रतींत ती लूकमध्ये जाऊन बसलीय! लोकांना पाठ होती, सोडवेना, पण ठेवायची कुठे ते ठरेना.

मूळ धागाकर्ता
मग माझ्या प्रतीवर कृत खोडून पेन्सिलीने प्रमाणे लिहू का?

प्रतिसाद ३
अजिबात नको हो, जुनी प्रत आहे. म्हणताना प्रमाणे म्हणा.