किल्ल्याच्या नावामागचा डॉक्टर

वर कुणीतरी विचारलंय की बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीतला हा मॅकहेन्री कोण? १८१४ च्या ब्रिटिश तोफमाऱ्यामुळे किल्ला अमेरिकेच्या राष्ट्रगीताशी जोडला गेला, माणूस मात्र मागे पडला.

जेम्स मॅकहेन्री आयर्लंडमधल्या बॅलिमीनाचा. १७७१ मध्ये फिलाडेल्फियाला आला, तिथले नामवंत डॉक्टर बेंजामिन रश यांच्या हाताखाली वैद्यक शिकला आणि स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकन सैन्यात शल्यचिकित्सक झाला. १७७६ मध्ये न्यूयॉर्कचा फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला पडला तेव्हा ब्रिटिशांच्या हाती सापडला. सुटल्यावर थेट सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचा सचिव! तिथून पुढे वैद्यकी जवळपास सुटलीच.

मला तो आवडतो तो त्याच्या टिपणवहीसाठी. अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या १७८७ च्या घटना परिषदेत तो मेरीलँडचा प्रतिनिधी होता. परिषद संपल्यावर फिलाडेल्फियाच्या मिसेस पॉवेल यांनी परिषदेतले प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन यांना विचारलं, काय मिळालं, प्रजासत्ताक की राजेशाही? "प्रजासत्ताक, टिकवता आलं तर." हे आज जो तो सांगतो, पण ते टिपून ठेवलं मॅकहेन्रीने.

युद्धमंत्री म्हणून मात्र यथातथाच. इतरांनी नकार दिल्यावर ते पद त्याच्याकडे आलं होतं, आणि अ‍ॅडम्सचा पक्षातलाच प्रतिस्पर्धी अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या तंत्राने चालतो म्हणून १८०० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सने त्याला फैलावर घेऊन राजीनामा द्यायला लावला. पठ्ठ्याने तेही संभाषण लिहून काढलं!