कुकूज नेस्टमधली नर्स खरंच व्हिलन आहे का?

कडक_भाकरी:
परवा लाईट गेलेली, लॅपटॉपला चार्जिंग होतं म्हणून 'वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट' काढून बसलो, १९७५ चा, जॅक निकल्सनवाला, मनोरुग्णालयातली गोष्ट. वडील पण शेजारी येऊन बसले, मी अर्थ सांगत होतो. त्यांनी उभी हयात सोलापुरातल्या मिलमध्ये साच्यावर काढली. संपल्यावर म्हणतात, ती नर्स काय वाईट हाय बे, नीट तर बोलूलाली, आमचा जॉबर (मिलमधला मुकादम) आईबहिणीशिवाय तोंड उघडायचा नाही. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. त्या नर्स रॅचेडबाईचा नक्की गुन्हा काय? औषधं टायमावर, मीटिंग टायमावर, सगळं नियमानं. तुम्हाला काय वाटतं?

सातरस्ता_सिंगल:
टीव्हीच्या मतदानाचा सीन परत बघ भावा. बेसबॉलची मॅच बघायची म्हणून मॅकमर्फी (निकल्सनचा पेशंट) हात वर करायला लावतो, ९ हात येतात, बाई म्हणते वॉर्डात पेशंट १८ आहेत, बहुमत नाही. ज्यांना आपण कुठं बसलोय हे पण कळत नाही ते पण मोजले! मग तो धावपळ करून चीफ नावाच्या पेशंटचा दहावा हात मिळवतो तर मीटिंग संपली म्हणून सांगते. आमच्या होस्टेलच्या मेस कमिटीत सेम असंच व्हायचं, भाजीत पाणी का असतं विचारलं की लेखी द्या, लेखी दिलं की तारीख गेली. पण बंद टीव्हीपुढं बसून तो जी खोटी कॉमेंट्री करतो ना, लई भारी, मी दर वेळी तेवढंच रिवाइंड करतो.

वॉर्डबाई:
मी स्वतः सायकियाट्रीत नर्स आहे म्हणून थोडं टोचतं हा पिक्चर बघताना. दोन गोष्टी बोलते. एक, तुमचा हिरो काय संत नाही, १५ वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये आत गेलेला आणि जेलमधलं काम चुकवायला वेड्याचं सोंग आणलेला माणूस आहे, हे सगळे सोयीनं विसरतात. दुसरं ते शॉक, म्हणजे ईसीटी. पिक्चरमध्ये भूल न देता देतात ते बघून नातेवाईक आमच्यापुढं रडतात, अहो आता तसं नसतं, २०१७ च्या कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला बंदीच आहे, आणि कित्येक पेशंटना त्याचा चांगला फायदा होतो.
पण हो, रॅचेड व्हिलनच आहे. बिली या तोतऱ्या पेशंटचा सीन आठवा. पोरगा त्या सकाळी पहिल्यांदा न अडखळता बोलतो, आणि ही शांतपणे म्हणते, तुझ्या आईला काय वाटेल याची मला काळजी वाटते. संपलं. परत तोतरा. पुढं काय होतं ते लिहीत नाही. पेशंटचं दुखरं ठिकाण आम्हाला माहीत असतं, ते त्याच्यावर वापरायचं नसतं, एवढंच तर शिकवतात आम्हाला.

सातरस्ता_सिंगल:
ताई, कायद्याचं माहीत नव्हतं, थँक्स. आणि एक राहिलंच, त्यातले बरेचसे पेशंट स्वतःहून आलेत, वाटलं तर दारातून चालत जाऊ शकतात! मॅकमर्फीला हे कळतं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

पानवाला_समीक्षक:
पुस्तक वाचा राव, केन केसीचं, १९६२ चं. त्यात सगळी गोष्ट चीफच सांगतो, पिक्चरमध्ये त्याला मुका करून कोपऱ्यात उभा केलाय. बाकी ५ मोठे ऑस्कर घेतले, शूटिंग ओरेगॉनच्या खऱ्या मनोरुग्णालयात, डॉक्टरचा रोल पण तिथल्याच मुख्य डॉक्टरनं केला. तरी मला पुस्तकच भारी वाटतं.

कडक_भाकरी:
वॉर्डबाई ताई, तुमचं वाचून बिलीचा सीन वडिलांना परत दाखवला. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आमच्या जॉबरला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं, बरंच होतं म्हणायचं.
पुस्तकाचं मराठी भाषांतर कुणी बघितलंय का? हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून बघतो शनिवारी.