इशारा संपूर्ण प्रदेशाला, पूर मात्र एकाच खोऱ्यात : असे का?

प्रश्न : गडगडाटी वादळांच्या वेळी पुराचा इशारा संपूर्ण प्रदेशासाठी दिला जातो, परंतु पाणी प्रत्यक्षात एखाद्याच खोऱ्यात चढते. नेमके ठिकाण आदल्या दिवशी सांगता येत नाही का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १ : भरपूर बाष्प, अस्थिर हवा आणि तिला वर उचलणारे कारण हे तिन्ही एकत्र येणार आहेत, एवढे आदल्या दिवशी बऱ्यापैकी कळते, मात्र पहिला ढग कोठे उभा राहील हे स्थानिक वाऱ्यांतील अगदी बारीक फरकांवर ठरते. म्हणूनच किंचित वेगवेगळ्या आरंभस्थिती घेऊन संगणकीय प्रारूप अनेकदा चालवतात आणि त्यांपैकी किती वेळा अतिवृष्टी दिसली यावरून शक्यता काढतात. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे केंद्र १९९२ पासून असे अंदाज नियमित देत आले आहे.

प्रतिसाद २ : पाऊस कोठे रेंगाळतो, हा माझ्या मते कळीचा मुद्दा आहे. १ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी! एकामागून एक ढग त्याच वाटेने सरकत राहिले आणि माती आधीच भिजलेली असली, तर तीव्र उतारावरचा लहानसा ओढा तासाभरातही पात्राबाहेर येऊ शकतो. रडारवर पावसाचा पट्टा जागचा हलेनासा झाला, की काठावरच्यांनी पुढच्या सूचनेची वाट पाहू नये.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. म्हणजे शक्यता ३० टक्केच असली, तरी ओढ्याकाठच्या माणसाने ती गांभीर्याने घ्यावी का?

प्रतिसाद १ : अवश्य घ्यावी, विशेषतः रात्रीचा पाऊस असेल तर.