शब्दचर्चा : तुरट, अगोड आणि झाकलेली बाटली

गेल्या शनिवारी आमच्या कर्वेनगरच्या घरी सहा जण जमलो होतो. टेबलावर रेड वाईनच्या पाच बाटल्या, प्रत्येक जुन्या वर्तमानपत्रात गळ्यापर्यंत गुंडाळलेली, वर रबरबँड आणि मार्करने लिहिलेला आकडा. कुठल्या आकड्यामागे काय आहे हे फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं. तो ओतायचं काम करणार होता, चव बघायचं नाही. बाकीच्यांना एकेक कागद दिला आणि एकच अट घातली, जे जाणवेल ते मराठीत लिहायचं. टॅनिन, बॉडी, फिनिश, ड्राय हे शब्द बाद. तासाभराने ते कागद वाचायला घेतले आणि रात्री बारापर्यंत आम्ही शब्दांवरच बोलत बसलो. त्यातलं जे टिकेल असं वाटलं ते इथे मांडते.

सुरुवात या खेळाच्या नावापासून. 'ब्लाइंड टेस्टिंग'चं शब्दशः मराठी केलं तर 'अंध आस्वादन' असं काहीतरी होतं. माझा मामेभाऊ नारायणगावहून आला होता. त्याने आल्या आल्या विचारलं, "ताई, डोळ्यांवर पट्टी बांधायची का? आंधळी कोशिंबीर खेळतात तशी?" त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. 'अंध' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर पट्टीच येणार. पण इथे चाखणारा माणूस चांगला डोळस असतो, ग्लास दिव्याकडे धरून रंग न्याहाळतो. झाकलेली असते ती बाटली. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्याकडे आहेच. मूठ झाकली की आतल्या वस्तूची किंमत वाढते. बाटली झाकली की किंमतच खेळातून बाद होते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांनी अशाच झाकलेल्या वाईन तपासल्या आणि फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या नामांकित रेड वाईन मागे टाकून कॅलिफोर्नियातल्या 'स्टॅग्ज लीप' या वाइनरीच्या १९७३ सालच्या कॅबरनेला, म्हणजे त्या नावाच्या काळ्या द्राक्षाच्या रेड वाईनला, पहिला नंबर दिला. लेबल दिसत असतं तर हे घडलं असतं का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो.

म्हणून 'झाकून'. आणि पुढे? 'आस्वाद' या शब्दात आनंद गृहीत धरलेला आहे, तपासणी नाही. 'चाखणे' चालेल, पण त्याचं नाम 'चाखणी' केलं की कानाला बारमधला चखणा ऐकू येतो. स्वयंपाकघरात आपण म्हणतो, "आमटीची चव बघ गं जरा." ही 'चव बघणे' म्हणजे नेमकी तपासणी: थोडंसं घ्यायचं, लक्ष द्यायचं, काय कमी काय जास्त ते सांगायचं. तेव्हा 'झाकून चव बघणे' हे क्रियापद आणि 'झाकली चव' हे नाम. आमच्यात यावर एकमत झालं.

आता खरा शब्द, तुरट. रेड वाईनबद्दल बोलायचं तर मराठीतला हा सगळ्यात मोलाचा शब्द आहे असं माझं ठाम मत आहे. पण तीन कागदांवर त्या जागी 'कडू' लिहिलेलं होतं. त्याच माणसांना मी विचारलं, कारल्यासारखं की सुपारीसारखं? तिघंही म्हणाले, सुपारीसारखं. म्हणजे जाणीव नेमकी होती, फक्त शब्द चुकीचा उचलला होता. ओळखायची खूण सोपी आहे. घोट गिळल्यावर जीभ गालाच्या आतल्या बाजूवर आणि हिरड्यांवर फिरवून बघा. खरखरीत लागलं, तोंड आवळल्यासारखं झालं, तर ते तुरट. कडू असेल तर गाल तसेच गुळगुळीत राहतात, फक्त जीभ तक्रार करते. तुरट द्रव्यं, म्हणजेच ती टॅनिनं, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडात घर्षण जाणवतं, म्हणूनच आजचं शास्त्र तुरटपणाला चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळ ठेवतं. आपल्या परंपरेने मात्र त्याला सहा रसांत मानाची जागा दिली: कषाय. अमरकोशात तर रसांची यादीच या रसापासून सुरू होते, 'तुवरस्तु कषायः'. त्या 'तुवर'शी आपला तुरट नातं सांगतो.

इथे एक सावधगिरी हवी. संस्कृतातला 'कटु' म्हणजे मराठीतलं कडू नव्हे. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटु, म्हणजे कटु म्हणजे तिखट. आपल्या कडूला संस्कृतात 'तिक्त' म्हणतात. शब्द तोच, अर्थ पुढच्या घरात गेलेला. वैद्यकातले शब्द वाईनच्या वर्णनात आणायचे असतील तर ही अदलाबदल आधी ध्यानात घ्यावी लागेल, नाहीतर कुणी 'कटु' लिहील आणि वाचणारा मिरची शोधत बसेल.

तुरटपणाच्या छटा सांगताना सगळ्यांची जीभ मोकळी सुटली. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते तसं. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखं. हिरडा चघळल्यासारखं. माझ्या सासूबाईंनी, त्या फक्त वास घेऊन शेजारी बसल्या होत्या, केळफुलाची आठवण काढली. केळफूल चिरलं की तुरटपणा जावा म्हणून ताकात घालून ठेवतात. ते ऐकून मला फार आनंद झाला, कारण वाईन बनवणारे हेच करतात: तुरटपणा जास्त झाला तर अंड्याचा पांढरा बलक किंवा दुधातलं केसीन घालतात, प्रथिनं तुरट द्रव्याला धरून तळाशी बसतात. चहात दूध घातलं की त्याचा तुरटपणा दबतो, तेही याच कारणाने. तळाशी जे बसतं त्याला, जाता जाता सांगते, 'साका' हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे. गाळ म्हटलं की घाण वाटते, साका म्हटलं की नुसतं निवळून खाली बसलेलं.

मामेभावाची द्राक्षबाग आहे, खाण्याच्या द्राक्षांची. तीन नंबरचा घोट घेऊन त्याने कागदावर लिहिलं, 'मणी सालीबीसकट चावून खाल्ला'. द्राक्ष पिकवणारे एकेका द्राक्षाला मणी म्हणतात. घडात मणी किती, मण्याला फुगवण किती, ही त्यांची रोजची भाषा. त्याने चवीवरून जे पकडलं ते शब्दशः खरं आहे. वाईनच्या द्राक्षांचा मणी लहान, साल जाड, आत बिया. रेड वाईनचा रस सालींसकट आंबवतात, म्हणून रंगही सालीतून येतो आणि तुरटपणाही, थोडा बियांतूनही. बी हिरवी असेल तर तिचा तुरटपणा कडवट लागतो, तपकिरी होऊन कुरकुरीत झाली की सौम्य होतो. म्हणून तोडणीआधी वाईनवाले मणी चावून बी बघतात. तीन नंबर निघाली नाशिककडची अगदी कोवळी कॅबरने सोव्हिन्याँ.

नवऱ्याने एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. दोन आणि चार नंबर एकच वाईन होती, अकलूजकडच्या सांज्योवेझे द्राक्षाची. आता कागदांवर काय निघालं बघा. दोन नंबरला 'तुरट', 'करकरीत', 'आंबट'. चार नंबरला 'मऊ', 'गोडसर', एकाने तर 'लोण्यासारखी'. त्या जहाल तीन नंबरनंतर आलेली तीच वाईन सगळ्यांना मवाळ वाटली. मधल्या वेळेत शेव आणि चीजचे तुकडेही फिरले होते. मीठ आणि स्निग्धपणा पोटात गेला की तुरटपणाची धार बोथट होते. दोनच्या आधी मात्र आम्ही बाकरवडी खाल्ली होती, आणि तिच्या गोडाने वाईन आंबट भासते. म्हणजे शब्द नुसता पेल्यातल्या वस्तूचा नसतो, त्याआधीच्या घासाचाही असतो.

आणि डोळ्यांचाही. २००१ साली बोर्दोमधल्या संशोधकांनी वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाईन दिली, आणि तीच वाईन गंधहीन लाल रंग घालून पुन्हा दिली. लाल दिसणाऱ्या पेल्याचा वास विद्यार्थ्यांनी रेड वाईनसाठी वापरतात त्याच शब्दांत सांगितला. रंग बघून शब्द सुचले. आमच्या कागदांवरही तेच होतं: ज्या वाईनची कड जांभळट तिच्यापुढे 'जांभूळ', 'करवंद', जिची कड विटकरी तिच्यापुढे 'खजूर', 'मनुका'. जांभळट कड कोवळ्या वाईनची आणि विटकरी कड मुरलेल्या वाईनची असते, त्यामुळे हे शब्द अगदीच चुकीचे नव्हते. पण ते जिभेने सांगितले की डोळ्यांनी, हे विचारायला हवं. रंगांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे याची मात्र खात्री पटली: डाळिंबी, जांभळट, काळसर, विटकरी. 'रेड'ला नुसतं लाल म्हणून थांबायचं कारण नाही.

'ड्राय' या शब्दाने सगळ्यात जास्त गोंधळ घातला. त्याचं मराठी 'कोरडी' केलं की ऐकणारा घसा कोरडा पडण्याची वाट बघतो, आणि तुरटपणाने तोंड कोरडं पडतंच, त्यामुळे त्याला वाटतं हाच तो कोरडेपणा. वाईनच्या भाषेत ड्राय म्हणजे फक्त साखर न उरलेली. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द पडून आहे: अगोड. "चहा अगोड झालाय" असं म्हणतो तेव्हा त्यात थोडी नाराजी असते, गोड हवा होता आणि झाला नाही. तेवढी नाराजी वाईनपुरती बाजूला ठेवली तर 'अगोड वाईन' अगदी चपखल बसतं. तुरट, आंबट, अगोड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच घोटात तिन्ही असू शकतात.

'बॉडी', म्हणजे वाईन तोंडात किती भरीव लागते ते. यासाठी फार वेळ गेला नाही. 'दाट' म्हणावं तर वरण आठवतं, 'पाणीदार' म्हणजे उलट तेजस्वी, मोत्यासारखं. मैत्रिणीने लिहिलं होतं 'भरल्या अंगाची', आणि दुसऱ्या टोकाला 'पाणचट' आहेच.

एक नंबरची बाटली ओतून द्यावी लागली. बूच काढल्यावर पहिल्यांदा सासूबाईंनीच नाक मागे घेतलं आणि म्हणाल्या, "कुबट येतंय." पावसाळ्यात नीट न वाळलेले कपडे कपाटात घडी घालून ठेवले की येतो तो वास. बुचात बुरशीमुळे तयार होणाऱ्या एका द्रव्याने हे होतं, पोटाला अपाय नाही पण फळाचा वास पार झाकला जातो. खवट म्हणजे तेलाचं, कोंदट म्हणजे हवेचं, आंबूस म्हणजे आंबवण्याचं, कुबट म्हणजे ओल आणि बुरशीचं. इतक्या वेगळ्या वासांचे इतके वेगळे शब्द ज्या भाषेत आहेत तिथे 'वाईट वास' एवढंच लिहून मोकळं होऊ नये.

शेवटी 'फिनिश', गिळल्यानंतर मागे उरते ती चव. 'रेंगाळणारी चव' सगळ्यांना सुचलं. मला आयुर्वेदातला 'अनुरस' पुढे करायचा आहे. मुख्य रस आधी कळतो. अनुरस मागाहून, हलकेच. सुश्रुताने मधाचं वर्णन 'मधुर, कषायानुरस' असं केलं आहे. चमचाभर मध जिभेवर ठेवा, गोडवा ओसरू द्या आणि थांबा. मागून बारीक तुरटपणा येतो. तोच अनुरस. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षांच्या मद्यालाही 'मधु'च म्हटलं आहे, 'मृद्वीकारसो मधु', आणि त्याच्या प्रकारांत कापिशायन येतं, आजच्या अफगाणिस्तानातल्या कापिशीचं. तेव्हा द्राक्षांच्या मधूला मधाचाच शब्द लावायला हरकत नसावी.

पाच नंबरच्या वेळी मामेभावाने कागदावर काहीच लिहिलं नव्हतं. मी कागद गोळा करायला उठले तेव्हा त्याचा ग्लास रिकामा होऊन मिनिट झालं असेल. मी हात पुढे केला तर म्हणाला, "थांब ताई, अजून आहे."