हॅप्टिक फीडबॅक: ‘स्पर्श-प्रतिसाद’ चालेल का?

अनुस्वार: आभासी वास्तवातल्या एका खेळाची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. खेळाडूचा हात खेळातल्या भिंतीला लागला की हातातला कंट्रोलर थरथरतो, अंगातलं जाकीट त्या बाजूला दणका देतं. या सगळ्याला इंग्रजीत ‘हॅप्टिक फीडबॅक’ म्हणतात, मी ‘स्पर्श-प्रतिसाद’ लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा: ‘हा स्पर्शाला दिलेला प्रतिसाद झाला, फोनचा पडदा देतो तसा.’ मला स्पर्शातून मिळणारा म्हणायचाय. समास तोच, दिशा उलटी. काय करू?

उलटतपासणी: शेरा रास्त आहे. वाचक विग्रह करत बसणार नाही. ‘स्पर्शप्रत्याभरण’ घ्या.

खटपट्या: प्रत्याभरण! बीएडच्या वहीतून उठून आलाय थेट. त्यापेक्षा पुनर्भरण घ्या, निदान जमिनीत पाणी तरी मुरेल. खेळणारे ‘कंट्रोलर व्हायब्रेट होतो’ म्हणतात, तेच लिहा की.

काठावर: ‘व्हायब्रेट’मध्ये अर्धीच गोष्ट येते. कंट्रोलरमधली मोटर कातडीला गुदगुल्या करते, हात अडवत नाही. तो भिंतीतून खुशाल आरपार जातो. हात खरोखर अडवायचा तर उलटं बल लावणारं यंत्र लागतं, आणि भिंत टणक वाटावी म्हणून त्या बलाचा हिशेब सेकंदाला हजारेक वेळा करावा लागतो. चित्राला सेकंदाला ९० चौकटी पुरतात. पहिल्याला ‘कंप’, दुसऱ्याला ‘रोध’ म्हणा. एका शब्दात दोन्ही कोंबू नका.

पहिल्यांदा आभासी वास्तवाचा चष्मा चढवला तेव्हा समोर टेबल दिसलं. वाकून खालचं बघायला म्हणून त्यावर हात टेकला. टेबल कुठलं! सरळ गुडघ्यावर आलो. संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६५ सालीच बसता येईल अशा संगणकी खुर्चीची कल्पना मांडली होती म्हणे. मला टेकायलासुद्धा मिळालं नाही.

भोचक: लागलं का फार?

काठावर: भिंत हाताला लागते, गुडघ्याला लागतं, आणि मनालाही लागतं. तिन्ही झालं.

अनुस्वार: अरे, हे छान आहे! ‘लागणे’वरूनच काही बनवता येईल?

उलटतपासणी: ‘लाग-प्रतिसाद’? नको. मुळात हॅप्टिक म्हणजे आपलं ‘आप्’, पोहोचणे, मिळवणे. त्यावरून ‘आप्त’. आप्तसंवेदन शोभेल.

खटपट्या: आप्तसंवेदन म्हणजे सोयरे भेटायला आल्यासारखं वाटतं. ग्रीकमधल्या ‘हाप्तेस्थाई’चा अर्थ स्पर्श करणे. नुसत्या आवाजावर व्युत्पत्ती लावायची तर ‘आपटणे’ काय वाईट? भिंतीवर आपटलं की हॅप्टिक!

भोचक: हे मात्र कायमचं लक्षात राहील.

उलटतपासणी: थट्टा सोडा. उद्या पुस्तिकेतलं ‘फुल बॉडी’ही इंग्रजीतच ठेवणार का?

अनुस्वार: तोही प्रश्न आहेच. ‘सर्वांगीण’ लिहिलं तर विकास आठवतो. सध्या ‘अंगभर’ ठेवलंय.

काठावर: अंगभर कपडे असतात. ‘सर्वांगाने खेळायचा’ असं क्रियेतून लिहा, विशेषण हवंच कशाला? तसंच ‘भिंत हाताला जाणवते’ लिहिलं की हॅप्टिकचीही गरज नाही.

अनुस्वार: वाक्यात जमेल. पण सेटिंगमध्ये बटणावर एकच शब्द मावतो. पंधरा अक्षरांची मर्यादा आहे.

खटपट्या: ‘थरथर: चालू / बंद’.

काठावर: आणि जाकिटाचा दणका?

उलटतपासणी: अक्षरं मोजताना जोडाक्षर एक धरायचं का दोन? ‘स्पर्श’मध्ये ‘स्प’ आणि ‘र्श’...

भोचक: आता झालं! वेगळा धागा काढा.