१९ दिवसांची लेक संध्याकाळभर दूध मागते, पोट भरतंय की नाही कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी आज १९ दिवसांची झाली. पहिलंच बाळ. घरी आम्ही दोघं आणि माझी आई. बायकोचा आत्ता कुठे डोळा लागलाय, लेक माझ्या छातीवर झोपली आहे आणि मी सोफ्यावर पडून एका हाताने टाइप करतोय. चुका सांभाळून घ्या.

दिवसा सगळं बरं चालतं. दोन-अडीच तासांनी उठते, वीसेक मिनिटं पिते, ढेकर काढला की झोपते. प्रश्न आहे संध्याकाळी सहानंतरचा. तेव्हापासून दहा वाजेपर्यंत ती अंगावरून उतरतच नाही. पिता पिता झोपते, खाली ठेवलं की डोळे टक्क उघडतात, मूठ तोंडात जाते, पुन्हा शोधाशोध सुरू. काल मी वहीत वेळा लिहिल्या: ६:१०, ६:५०, ७:२५, ८:०५, ८:३०, ९:१५, १०:००. चार तासांत सात वेळा. शेवटी शेवटी तर तोंडात धरते, सोडते आणि किंचाळून रडते.

त्या वेळी बायकोला छाती अगदी हलकी लागते. दूध आटलं असं तिने मनात पक्कं धरलंय. आई म्हणते, पोरगी उपाशी आहे, एक बाटली वरचं दूध द्या. आई मायेनेच बोलते, तिला नातीचं रडणं बघवत नाही. पण ते ऐकून काल बायको बाथरूममध्ये जाऊन रडली. दोघी माझ्याच, कुणाला काय सांगू ते कळेना.

वजन असं आहे: जन्माच्या वेळी २ किलो ९५० ग्रॅम, चौथ्या दिवशी २ किलो ७३०. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही दिवसांत एवढं उतरतं, काळजी नको. बाराव्या दिवशी २ किलो ९३०. पुढची तारीख अजून दोन दिवसांनी आहे. राहवलं नाही म्हणून परवा मी घरच्या वजनकाट्यावर आधी एकटा उभा राहिलो, मग तिला घेऊन. फरक ३.१ आला. आज सकाळी तेच केलं तर ३.०. शंभर ग्रॅम कमी! तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही.

दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात. शी पिवळी, पातळसर, दाणेदार, चार-पाच वेळा. ताप नाही.

मला विचारायचंय ते हे. दूध पुरतंय हे नक्की कशावरून समजायचं? संध्याकाळची एक बाटली द्यावी का? आणि आणखी एक. काल रात्री तीन वाजता मोबाइलच्या उजेडात मी तिच्या पोटाकडे बघत बसलो होतो. भराभर श्वास चालला होता आणि एकदम थांबला. मी मोजत राहिलो, सहापर्यंत पोचलो, मग तिने मोठा उसासा टाकला आणि पुन्हा सुरू. हे नॉर्मल आहे का?

शेवटचं म्हणजे, पाजणं माझ्या हातात नाही. मग मी नेमकं काय करू?

प्रतिसाद १ (दोन मुलांची आई)

दादा, सर्वात आधी तुमच्या बायकोला सांगा की तिचं काहीही चुकत नाहीये. माझ्या दोन्ही मुलांनी हेच केलं. संध्याकाळी थोड्या थोड्या वेळाने, ओळीने पिण्याला क्लस्टर फीडिंग म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक बाळं करतात. तान्ह्या बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं आणि ते घड्याळाप्रमाणे समान अंतराने होत नाही.

छाती हलकी लागली म्हणजे रिकामी झाली, असं नसतं. दूध सतत तयार होत असतं, आणि बाळ जितकं ओढेल तितकं शरीर पुढे तयार करतं. छाती मऊ असते तेव्हा येणारं दूध थोडं असलं तरी जास्त स्निग्ध असतं. बाटलीचा प्रश्न इथेच येतो. पोट बाटलीने भरलं की ती अंगावर कमी ओढणार, म्हणजे शरीराला मागणी कमी झाल्याचा निरोप जाणार. डॉक्टरांनी वजन बघून वरचं दूध द्यायला सांगितलं तर जरूर द्या, त्यात कमीपणा काही नाही. नुसत्या रडण्यावरून मात्र सुरू करू नका.

पुरतंय की नाही ते लंगोट सांगतात. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि पिवळी शी, हे तुमच्याकडे आहे. पिताना घोट गिळल्याचा हलका आवाज येतो का ते कान देऊन ऐका. तिच्या तोंडात नुसतं टोक नको, भोवतीचा काळा भागही बराचसा आत हवा. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. बायकोला पाजताना दुखत असेल तर ते सोसत बसू नका, स्तनपान सल्लागाराला दाखवा. माझं पहिल्या वेळी तिथेच अडलं होतं. एकदा धरायची पद्धत बदलली आणि दोन दिवसांत भेगा भरायला लागल्या.

आणि ती मूठ तोंडात घालते, मान वळवून शोधते ना, तेव्हाच घ्या. रडणं ही भुकेची उशिराची खूण आहे. रडून लाल झालेलं बाळ नीट धरूच शकत नाही.

प्रतिसाद २ (नवजात विभागात नर्स)

आधी सर्वात तातडीचं: सोफ्यावर पडून, छातीवर बाळ घेऊन झोपू नका. तुम्ही इतके थकला आहात की डोळा कधी लागेल कळणारही नाही, आणि सोफ्यावर बाळ फटीत सरकून नाक दबण्याचा मोठा धोका असतो. आत्ता उठा आणि तिला तिच्या जागी पाठीवर ठेवा. गादी सपाट आणि घट्ट हवी. उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी काही नको. खोली तुमचीच, जागा तिची वेगळी.

वजनकाटा विसरा. मोठ्यांचा काटा बहुतेक १०० ग्रॅमच्या टप्प्यांनी आकडा दाखवतो, आणि तुम्ही दोन आकड्यांची वजाबाकी करता. बाळाचं वजन या वयात दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं, ते त्यात दिसणारच नाही. तुमच्याच आकड्यांवरून चौथ्या ते बाराव्या दिवसात २०० ग्रॅम वाढलंय, म्हणजे दिवसाला २५. छान आहे. जन्माचं वजन परत यायला दोन आठवडे लागू शकतात.

श्वासाचं: भराभर श्वास, मग ५ ते १० सेकंद थांबणं, पुन्हा सुरू, हे नवजात बाळांमध्ये नेहमी दिसतं. पण थांबणं २० सेकंदांपर्यंत गेलं, ओठ-जीभ निळसर झाली, शांत असतानाही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास चालले, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडला किंवा कण्हल्यासारखा आवाज आला, तर वाट न बघता दवाखाना गाठा. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असला तरी तेच, मग मध्यरात्र असो. या वयात घरच्या घरी तापाचं औषध द्यायचं नाही. पिण्यासाठी उठवूनही उठत नसेल, लंगोट कमी ओले होत असतील, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत असेल, तरीही त्याच दिवशी दाखवा.

बायकोकडे लक्ष असू द्या. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं खूप जणींना होतं. तुमचे १९ दिवस झालेत. रडू रोज येत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर पुढच्या तारखेला डॉक्टरांना हे आपणहून सांगा. त्यावर उपचार आहेत आणि पाजत असतानाही ते करता येतात.

प्रतिसाद ३ (सहा महिन्यांच्या मुलाचा बाबा)

मित्रा, पाजणं सोडून बाकी सगळं आपल्या हातात आहे. मी संध्याकाळी सहाच्या आत बायकोचं जेवण उरकून घ्यायचो, पाण्याची बाटली तिच्या उजव्या हाताला ठेवायचो. प्रत्येक पाजण्यानंतर बाळ माझ्याकडे: ढेकर, लंगोट, मग उघड्या छातीवर धरून ओट्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या. आईजवळ दुधाचा वास येतो म्हणून शोधत राहायचा, माझ्याकडे कधी कधी तासभर झोपायचा. तो तास बायकोचा.

तुझ्या आईला ते वहीतले ओल्या लंगोटांचे आकडे दाखव. माझ्या आईला वाद घालून काही पटलं नाही, आकडे बघून पटलं. आणि ते तू बोल, बायकोला बोलायला लावू नकोस.

रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं, मग उतरतं. एखाद्या रात्री डोकं फिरायची वेळ आली तर लेकीला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही, मेंदूला इजा होते.

धागाकर्ता, दोन दिवसांनी

नर्सताई, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच क्षणी उठून तिला पाळण्यात ठेवलं. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

आज क्लिनिकमध्ये वजन झालं: ३ किलो १७० ग्रॅम. आकडा दिसला तसा बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. डॉक्टरांनी धरायची पद्धत बघितली, बाळाला थोडं वर घेऊन पोटाशी पोट लावायला सांगितलं. रडण्याबद्दल मीच विषय काढला. त्यांनी बायकोशी वेगळं बसून बोलून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय.

आईला काल वही दाखवली. तिने चष्मा लावून सगळी पानं वाचली, बाटलीचं काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र बायकोच्या पाठीमागे उशी लावून दिली आणि तिथेच बसून राहिली.

ताई, एक राहिलंच. नाळ अजून पडली नाही, आज २१ वा दिवस. कोरडी आहे, वास किंवा लाली नाही. डॉक्टर म्हणाले कोरडी ठेवा, लंगोट खाली दुमडा, आणखी एका आठवड्यात पडली नाही तर या. पण लंगोट सारखा वर सरकतो. तुम्ही कसा दुमडता, कुणी नीट सांगाल का?