डेटाच्या ‘कोल्ड स्टोरेज’ला मराठीत काय म्हणावं?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्युटर विभाग बघतो. जुनी ड्रॉइंग आणि कास्टिंगचे एक्स-रे चालू सर्व्हरवरून काढून चुंबकीय टेपवर न्यायचेत. क्वचित लागणारा डेटा असा बाजूला ठेवणं म्हणजे ‘कोल्ड स्टोरेज’. त्याचं परिपत्रक मराठीत काढायचंय. ‘शीतगृह’ लिहिलं तर स्टोअरवाल्यानं विचारलं, “म्हणजे एसी अजून वाढवणार?” आहे नेमकं उलट. फिरत्या हार्ड डिस्कला ६ वॅट धरले तरी २४ डिस्क वर्षाला साडेबाराशे युनिट खातात, त्यांना गार ठेवायची वीज वेगळी. कपाटातल्या टेपला वीज लागतच नाही, आणि एलटीओ-९ प्रकारच्या एका टेपवर १८ टेराबाइट मावतात. शब्द सुचवा.

निवृत्त कारकून: ‘दप्तरी दाखल करणे’ आहे की. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्ग असतात. अ कायमचे, ड वर्षभराचे. काय किती दिवस ठेवायचं ते आधी ठरतं. तुमच्याकडं तेच ठरलेलं नसणार, म्हणून सगळं सर्व्हरवर पडून.

हरिपूरची माहेरवाशीण: आमच्याकडं हळद पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. पण तोंड उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे, आधी वारा लागू द्यायचा. तुमच्या टेपचंही असंच ना?

शिरोलीकर: अगदी असंच, टेपवरचं लगेच हाती येत नाही! क्लाउडवरही तेच; अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह या कोल्ड स्टोरेज सेवेतून फाइल परत यायला १२ तास लागू शकतात. ‘पेव’ फार आवडला. मग रोजच्या फायलींची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, ती घरात हाताशी असलेली धान्याची ‘कणगी’.

मराठीचे मास्तर: थोडं थांबा. ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ म्हणतो तेव्हा उदंड झालेल्या गोष्टीबद्दलची नापसंती असते त्यात. शिवाय ‘पेव फुटलं’ ऐकून कुणाला डेटाच फुटला असं वाटेल.

शिरोलीकर: मास्तर, तो अर्थही आम्हाला लागू आहे. एकाच ब्रॅकेटच्या ड्रॉइंगच्या अकरा प्रती सापडल्या, ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरं फायनल’. त्या न निवडता टेपवर टाकल्या तर कचराच जपून ठेवू. वाक्य असं केलंय: ‘कणगीतील २ वर्षांत न उघडलेले ड्रॉइंग पेवात जाईल. परत हवे असल्यास एक दिवस आधी सांगावे.’

निवृत्त कारकून: ‘सांगावे’ नको, ‘लेखी कळवावे’ करा. पेव कुणी उघडायला लावलं याची नोंद राहायला हवी.